टाकीचा चौथा पाय

बत्तीस-तेहेतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. डांबराच्या दोन ड्रमांची एक साधी चोरी मात्र मला आजही दिवसावार आठवते. लोक आठवणी विचारतात तेव्हा मी मोठे गुन्हे सांगतो, त्यांना तेच हवे असतात. ही चोरी मी आजवर कुणाला सांगितली नाही. चोर चार दिवसांत पकडला होता, त्यात काही कमीपणा नाही. त्यानंतर मी जे केलं, ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

सत्तर-एकाहत्तरचा हिवाळा. मोठ्या दुष्काळाला अजून अवकाश होता. नगर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, बेलापूरच्या पुढं, पाटाच्या पाण्यावर जिकडेतिकडे ऊस उभा असायचा, त्या भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. मोठे साहेब महिनाभर रजेवर गेलेले, त्यामुळे ठाण्याचा कारभार माझ्या हाती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अशी माझी अवस्था होती. सकाळच्या हजेरीला मी शिपायांच्या पट्ट्याचं पितळ तपासायचो आणि स्टेशन डायरीतली खाडाखोड दिसली की रायटरला फैलावर घ्यायचो. पंचवीस वर्षं नोकरी झालेले एक हवालदार होते. ते माझ्याकडे बघून नुसते पान चघळायचे.

पाटानं त्या भागाला ऊस दिला, आणि विहिरींचं पाणी नासवलं. वर्षानुवर्षं पाणी जमिनीत मुरून खालचा खार वर आला होता. सकाळी पडीक रानात गेलं की जमिनीवर पांढरा थर दिसायचा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. बायका प्यायचा हंडा भरायला मैल-दीड मैल चालत पाटावर जात आणि पाट बंद असला की नदीच्या डोहावर. म्हणून ठाण्याजवळच्या एका गावात पिण्याच्या पाण्याची काँक्रीटची टाकी बांधायला घेतली होती. नदीकाठच्या विहिरीचं गोडं पाणी नळानं तिथं यायचं होतं. चार पायांची टाकी, तिचे पाय नुकतेच उभे झालेले. गावातल्या बायका येता-जाता त्या पायांकडे बघत.

टाकीच्या शेजारीच रस्ता खात्याचा डेपो होता. खडीचे ढीग आणि डांबराचे वीस-बावीस ड्रम. रस्ता काही मंजूर होत नव्हता आणि ड्रम दोन उन्हाळे उन्हात पडून होते. एके दिवशी तिथला कारकून ठाण्यात आला आणि दोन ड्रम चोरीला गेल्याची फिर्याद दिली. भारतीय दंड विधान कलम ३७९ खाली गुन्हा दाखल झाला. खात्यानं आधीच म्हातारा वॉचमन निलंबित केला होता. त्याच्या पेन्शनीला काही महिने उरले होते. आम्ही त्याला चौकशीला आणून बसवलं. दोन दिवस तो व्हरांड्यात, घरून आलेली भाकरी मांडीवर ठेवून बसून होता, खात मात्र नव्हता. त्याचं एकच म्हणणं. बाजाराच्या दिवशी दुपारी बारा ते तीन तो बेलापूरला गेला होता, बाकी तो डेपोवरून हलला नाही.

म्हणजे चोरी भरदुपारी झाली होती. डांबराचा ड्रम काही पिशवीत घालून नेता येत नाही. बैलगाडी लागली असणार आणि ती लोकांनी पाहिली असणार. पण विचारावं तर कुणालाच काही ठाऊक नाही. पुढं अनुभवानं कळलं की माणसं खोटं बोलत नव्हती. रोज जो माणूस कामावर दिसतो, तो काही उचलून नेत असला तर ते कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

खबर दिली ती गावच्या न्हाव्यानं. तो हवालदारांची दाढी करता करता म्हणाला, टाकीवरचा मिस्त्री परवा केस कापायला आला होता, त्याच्या कानामागं डांबर चिकटलेलं होतं, निघेना म्हणून तेवढे केस मुळापासून भादरावे लागले. टाकीच्या कामात डांबर कुठं लागतं, हा प्रश्न न्हाव्यालाच पडला होता. आम्हाला तोवर पडला नव्हता.

मिस्त्री ख्रिस्ती वस्तीतला. वय पंचेचाळीसच्या आसपास, सडसडीत, बोटं सिमेंटानं फाटलेली. गावाला त्याच्याबद्दल आदर होता, कारण नाकासमोर चालणारा माणूस. मी त्याला ठाण्यात आणलं. तेव्हा मी वयानं दुप्पट माणसालाही ‘तू’ म्हणत असे, तशी खाकीची सवयच होती. तासभर विचारलं, टेबलावर हात आपटला, हवालदारांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं. मिस्त्री मूग गिळून बसला होता. भीती मात्र दिसत नव्हती. मधूनमधून व्हरांड्यातल्या वॉचमनकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

शेवटी दोन पंच घेऊन घराची झडती घ्यायला गेलो. घरात काही नव्हतं. मागच्या अंगणात मात्र भिंतीच्या सावलीत नऊ मडकी ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर झाकण. हवालदारांचा चेहरा खुलला. त्यांना हातभट्टीचा वास दोन शेतांवरून यायचा. इथं वास येत नव्हता, तरी त्यांनी एक झाकण काढलं, आत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. पाणी खारट होतं. आत हात घातला तर काँक्रीटचा गोळा हाताला लागला. दुसऱ्यातही तसाच. नऊच्या नऊ मडक्यांत खारं पाणी आणि त्यात बुडालेला एकेक गोळा. हवालदारांना वाटलं, आपल्याला कुणीतरी बनवतंय. त्यांनी मडकं फोडायला काठी उचलली, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा बोलला.

“हवालदार, ते फोडू नका. त्यातलं सा वर्सांचं हाय.”

मी काठी खाली ठेवायला सांगितलं आणि त्याला बोलू दिलं. चौकशीतला तेवढा एकच शहाणपणा माझ्या हातून झाला.

त्याच्या हातानं पूर्वी एक मोरी बांधली गेली होती. मोठी नव्हती, गावातल्या ओढ्यावरचा छोटासा पूलच. आठ वर्षांत तिचे काँक्रीटचे खांब खालून झडायला लागले. ठेकेदारानं मातीला दोष दिला, गावानं मिस्त्रीला. त्याला ते फार लागलं. त्यानं मोरीचा एक तुकडा घरी आणला, तो फोडून पाहिला आणि मग हा उद्योग सुरू केला. गावातल्या खाऱ्या विहिरीचं पाणी मडक्यांत भरायचं आणि एकेका गोळ्यात एकेक गोष्ट बदलायची. एक गोळा खाऱ्या पाण्यात कालवलेला, एक गोड्या पाण्यात. एकाची वाळू धुतलेली, एकाची न धुतलेली. एकात पाणी जास्त, एकात कमी आणि गजानं भरपूर ठासलेला. आणि एकाला वरून डांबराचे दोन हात. पाणी आटलं की भर घालायची. मडक्याच्या अंगावर वर्षाची एकेक रेघ ओढायची.

त्यानं पहिल्या मडक्यातला गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी अंगठा दाबला तर भिजलेल्या गुळासारखा कोपरा सुटून आला. मग डांबर लावलेला गोळा काढला, पायरीवर आपटला. खणखणीत आवाज आला.

“खार वरनं दिसत न्हाई सायेब,” तो म्हणाला. “पान्यासंगं आत शिरतो, शिमिट पोकळ करतो. मग गजाला गंज चढतो. गज फुगला की वरचं फोडून भायेर येतो. पाच-सात वर्सं काय कळत न्हाई. कळतं तवा हातात काय ऱ्हात न्हाई.”

मग बाकीचंही सांगून टाकलं. टाकीच्या कामाला त्यानं वाळू धुऊन घेतली होती. कालवायला आणि वर मारायला पाटाचं गोडं पाणी गाडीनं आणलं होतं. पण पायांचा जमिनीतला भाग कायम खारात उभा राहणार, त्याला डांबराचं कातडं हवंच होतं. त्यानं ओव्हरसीअरला तीनदा विचारलं. ओव्हरसीअर म्हणाला, इस्टिमेटमध्ये नाही. ठेकेदारानं ओव्हरसीअरकडे बोट दाखवलं. पाय बुजवायचा दिवस आला. शेजारी ड्रम नुसते पडून होते. बाजाराच्या दुपारी त्यानं भावाची गाडी जुंपली, दोन ड्रम चढवले, पेटवण करून वितळवले आणि चारी पायांना, अगदी तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत, दोनदा हात दिला. दुसऱ्या दिवशी माती लोटली.

“आता वॉचमनला घरी जाऊ द्या,” तो म्हणाला. “त्येला यातलं काय ठावं न्हाई.”

गुन्हा उघडकीस आला. मला आनंद झाला, तो लपवत नाही. फौजदार झाल्यापासूनचा माझा पहिला स्वतंत्र तपास होता. टाकीच्या मागच्या झोपडीत रिकामे ड्रमही मिळाले, त्यांवर खात्याचा मार्का स्पष्ट होता. हवालदार म्हणाले, साहेब, ड्रम मिळाले, कबुली मिळाली, एवढं पुष्कळ झालं. मी म्हणालो, चोरी डांबराची आहे, ड्रमाची नाही, मुद्देमाल डांबर आहे. हवालदारांनी पानाची पिंक टाकली आणि पंच बोलवायला गेले. त्यांनी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, असं मी पुष्कळदा मनात म्हणालो आहे. पण ऐकणाऱ्याचे कान बंद असले की सांगणारा किती वेळा सांगणार?

पंचांसमक्ष निवेदन लिहिलं आणि रस्त्याकडचा चौथा पाय खणायला घेतला. दोन मजूर पुरुषभर खोल उतरले. माती बाजूला झाली आणि काळा पाय दिसला. चकचकीत, कुठं बुडबुडा नाही, कुठं उघडी जागा नाही. सारवणाऱ्या बाईनं कोपरे घ्यावेत तसे त्यानं काठ घेतले होते. नमुन्याला वाटीभर डांबर पुरलं असतं. पण पंचनाम्यात वजन भरावं, म्हणून मी तो पाय तळापासून खुरप्यानं खरवडून घेतला. रॉकेलचे दोन डबे भरले. त्यांना लाखेनं सील केलं. खाली करड्या रंगाचं काँक्रीट ओरखडे पडून उघडं राहिलं.

मिस्त्री खड्ड्याच्या कडेला उभा होता, एका शिपायानं त्याच्या दंडाला धरलेलं. 

“सायेब, मला आत घाला, माजी ना न्हाई,” तो म्हणाला. “पन ह्यो पाय असा उघडा टाकू नका. आठ दिसांत पाटाला आवर्तन सुटंल. हितं पानी खालनं वर येतं. मला दोन दिस द्या. सुकवून परत हात देतो. पायजे तर माज्यावर पोलीस उभा करा.”

मी त्याला सांगितलं की जागा आता पुराव्याची आहे. ओव्हरसीअर येऊन ओळख पटवेपर्यंत तिला हात लावता येणार नाही, आणि डांबर तर मुद्देमालात गेलंय. कायद्यावर बोट ठेवून मी बरोबर होतो. खड्ड्याभोवती दोरी बांधली आणि ओव्हरसीअरला पत्र धाडलं. ओव्हरसीअर आला नवव्या दिवशी.

आवर्तन सहाव्या दिवशी सुटलं, पाट भरून वाहू लागला. नवव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खड्ड्यात कमरेएवढं मचूळ पाणी होतं आणि वर पांढुरकी साय. ओव्हरसीअरनं नाकाला रुमाल लावला, सही केली आणि मजुरांकडून ओली माती लोटून घेतली. मिस्त्री तोवर सबजेलमध्ये होता. जामिनाला सातबारा लागतो आणि त्या वस्तीत कुणाच्या नावावर जमीन नव्हती.

कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटनं कागद दोनदा वाचले, मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. वॉचमन कामावर परत घेतला गेला. सगळं नियमात झालं. मिस्त्री कोर्टाच्या बाकावर बसला. मी त्याच्या शेजारून गेलो तेव्हा त्यानं विचारलं, “सायेब, खड्डा डांबर लावून बुजवला, का तसाच?”

मी म्हणालो, “तसाच.”

त्यानं मान हलवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. मला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण फौजदारानं आरोपीच्या बाकावर बसायचं कसं? मी पुढची फाईल उचलली.

टाकी पुरी व्हायच्या आत माझी बदली झाली, जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या बाजूला. तिथं पुढं दुष्काळ अंगावर आला. रस्त्याच्या कामांवरचा बंदोबस्त, पाण्याच्या टँकरभोवतीची भांडणं. कोरड्या नळाशी भांडणाऱ्या बायका पाहिल्या की मला ती टाकी आठवायची. तिथल्या नळाला पाणी असेल का, तो पाय उभा असेल का? पुढं जिथं जिथं बदली झाली, तिथं गावात शिरताना माझी नजर आधी टाकीच्या पायांकडे जायची. बायको म्हणायची, लोक देवळाचा कळस बघतात, तुम्ही टाकीचं बूड बघा. तिला मी कारण सांगितलं नाही.

सुट्टी निघाली की मी ठरवायचो, यंदा त्या गावाला जाऊन यायचं. जाऊन काय बोलायचं, इथं येऊन अडायचो. “चूक झाली” हे शब्द आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून वदवून घेतलेले असतात, स्वतःच्या तोंडाला त्यांची सवय नसते. पण त्या माणसाची मला आठवण यायची, फार यायची. त्याचं ते हळू बोलणं. गोळा तळहातावर ठेवताना खाली धरलेला दुसरा हात, भुगा सांडू नये म्हणून. सोबतचे कितीतरी अधिकारी आले आणि गेले, त्यांच्यातल्या कुणाजवळ पुन्हा बसावं असं मला इतकं वाटलं नाही. त्या अंगणात बसावं, नऊ मडक्यांतल्या कुठल्यात काय झालं ते विचारावं आणि त्यानं सांगावं, एवढीच इच्छा. तिलासुद्धा मी दरवर्षी पुढच्या वर्षाची तारीख देत गेलो.

निवृत्त होऊन नगरला स्थायिक झाल्यावरही दोन वर्षं गेली. शेवटी एका सकाळी एसटीत बसलो.

टाकी उभी होती. तीन पाय जसेच्या तसे. रस्त्याकडचा चौथा पाय बुडापाशी काळाकुट्ट, छातीएवढ्या उंचीपर्यंत डांबरावर डांबर चढून जाड झालेला. वर एक-दोन बारीक भेगा होत्या, पण गज कुठं उघडा पडला नव्हता. नळावर बायका पाणी भरत होत्या. त्यातल्या एकीला मी विचारलं, ह्या पायाला डांबर कोण लावतं. ती गावच्या शाळेत शिक्षिका होती, मिस्त्रीचीच सून.

“आमचे सासरे लावायचे,” ती म्हणाली.

दरवर्षी हिवाळ्यात, आवर्तन सुटायच्या आधी, मिस्त्री तो पाय तळापर्यंत खणायचा. गोड्या पाण्यानं धुवायचा, आठ दिवस उन्हात सुकू द्यायचा, स्वतःच्या कमाईतलं डांबर वितळवून दोन हात द्यायचा आणि माती लोटायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरीही दिली नाही. म्हातारपणी खणणं झेपेना, तेव्हा मुलं खणायची आणि तो खुर्ची टाकून कडेला बसायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर कुणी खणलं नाही.

मी कोण ते तिला सांगितलं. नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिनं तो उचलला नाही.

“तुमी ते फौजदार?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मामा तुमची लई आठवन काढायचे. म्हनायचे, कोर्टात त्या पोराचा चेहरा पायलाय मी, त्यानं मनाला लावून घेतलं असंल. पाय उभा हाय, हे त्येला कुनीतरी सांगितलं पायजे. तुमी येताल म्हनून शेवटपर्यंत वाट बघितली त्येंनी.”

 टाकीच्या पायाला हात टेकून मी खाली बसलो. ती पाणी घेऊन आली, गोडं पाणी, आणि मी ते प्यालो. मग तिला विचारलं, यंदा आवर्तन कधी सुटतं? मी येईन, फावडं मला झेपणार नाही, पण मजुरांची आणि डांबराची सोय मी करीन. ती म्हणाली, या.

नोकरीत होतो तोवर हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी एकच गोष्ट शिकवत आलो होतो. पुराव्यासाठी काही उघडायची वेळ आली, तर फावडं मारायच्या आधी ते परत बुजवणार कोण, हे डायरीत लिहून ठेवा. त्यांना वाटायचं, साहेबांची एक सवय आहे.

त्या हिवाळ्यापासून मी जातो. खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि मजुरांना काठ नीट घ्यायला सांगतो. नगरहून त्या गावाला एसटीनं अडीच तास लागतात. त्याच्या हयातीत तेवढा रस्ता माझ्याच्यानं झाला नाही.